वसईची चर्चेस : किल्ल्यातली आणि गावांतली (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

वसईत घर असलं की पाहुण्यांना किल्ला दाखवायचं काम आपोआप गळ्यात पडतं. मुंबईचे नातेवाईक, पुण्याहून आलेला मित्रांचा जथ्था, कधी एखाद्या शाळेची सहल. सगळे त्याच दरवाजातून आत शिरतात, त्याच वडाखाली पाणी पितात आणि तेच प्रश्न विचारतात. दर वेळी तोंडी सांगून सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

किल्ल्यातली ही सगळी पडकी चर्चेस वसईच्या ख्रिस्ती लोकांचीच ना?

बहुतेक नाहीत. पाहुण्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच. तटाच्या आत मुख्यतः पोर्तुगीज शहर होतं. सरदार, अधिकारी, व्यापारी, निरनिराळ्या संघांचे फादर, त्यांचे मठ, कॉलेज, हॉस्पिटल. आतली चर्चेस या वस्तीसाठी होती. आमचे, म्हणजे वसईच्या ख्रिस्ती लोकांचे, पूर्वज बाहेर होते, वाड्यांत, बागायतीत, खाडीकाठी. त्यांची चर्चेस त्यांच्या गावांत होती आणि ती आजही आहेत. पापडी, सांडोर, निर्मळ, गास, नंदाखाल, आगाशी, माणिकपूर, रमेदी. रविवारी सकाळी तिकडे गेलात तर स्कूटर लावायला जागा मिळणार नाही.

किल्ल्यात फोटो काढून लोक म्हणतात, "अरेरे, काय वैभव होतं आणि काय झालं!" वैभव पोर्तुगीजांचं होतं, ते गेले तेव्हा गेलं. इथली ख्रिस्ती मंडळी कुठे गेली नाही.

पोर्तुगीज इथे आले कधी?

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने 23 डिसेंबर 1534 च्या तहाने वसई त्यांना दिली. किल्ल्याच्या सेबॅस्टियन बुरुजावर 1536 चा शिलालेख होता. गव्हर्नर नूनो द कुन्या याच्या हुकमावरून बांधलेल्या या किल्ल्याचा पहिला कप्तान गार्सिया द सा, असा त्याचा मजकूर. तिथून 1739 मध्ये मराठ्यांनी वसई घेईपर्यंत, म्हणजे दोनशे वर्षांहून थोडं जास्त, त्यांचं राज्य.

आत नक्की कोणकोणती चर्चेस आहेत? सगळी सारखीच दिसतात.

लांबून सारखी दिसतात खरी. काळा दगड, आभाळाकडे उघडा पडलेला गाभा, भिंतीत घुसलेली वडा-पिंपळाची मुळं. पण थोडं थांबून पाहिलं की प्रत्येकाची ठेवण वेगळी.

उंच चौकोनी मनोरा दिसतो ते सेंट जोसेफचं चर्च. पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव याच्या काळात, 1546 च्या सुमारास ते उभं राहिलं. दरवाजावर दगडात कोरलेली ओळ आहे. 1601 साली आलेशु द मेनेझिस आर्चबिशप असताना आणि पेद्रु गाल्व्हांव परेरा इथले मुख्य धर्मगुरू असताना या चर्चचा जीर्णोद्धार झाला, असं ती सांगते. मनोऱ्यात वर जाणारा गोल जिना आहे, अंधारा आणि अरुंद. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे फिरावं लागतं.

फ्रान्सिस्कन संघाच्या फादरांचं सेंट अँथनीचं चर्च आतल्या सगळ्यांत जुन्यांपैकी एक. फादर अंतोनियु दु पोर्तु हे त्याच्या उभारणीतलं मोठं नाव. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांच्या जागी चर्च करणारे फादर तेच. बाजूच्या लहान प्रार्थनास्थळांच्या कमानी अजून धड आहेत, आणि जमिनीवर पाहिलंत तर तुम्ही थडग्यांवर उभे असता. त्याविषयी पुढे.

जेझुइटांचं चर्च दर्शनी भागावरून ओळखता येतं. खांबांची जोडणी, वर येशूच्या नावाची तीन अक्षरं. शेजारी त्यांचं कॉलेज होतं. डॉमिनिकनांचं चर्च आणि मठ 1583 चे. ऑगस्टिनियनही होते. सेंट जॉन ऑफ गॉडचे सेवाव्रती उशिरा, सतराव्या शतकाच्या अखेरीकडे आले. एवढ्याशा तटाच्या आत इतके संघ, इतके मठ! मला तर वाटतं, शेवटी शेवटी शिपायांपेक्षा झगेवालेच जास्त दिसत असतील.

सेंट जोसेफला सगळे 'कॅथेड्रल' म्हणतात. बरोबर आहे का?

नाही. कॅथेड्रल म्हणजे जिथे बिशपचं आसन असतं ते चर्च. पोर्तुगीज काळात वसई गोव्याच्या आर्चबिशपांच्या हाताखाली होती, इथे बिशप नव्हता. दरवाजावरच्या ओळीतच 'मात्रिझ' असा शब्द आहे, म्हणजे शहराचं मुख्य चर्च, मातृचर्च. वसईचं खरं कॅथेड्रल पापडीला आहे, अवर लेडी ऑफ ग्रेस. तेही 1998 पासून, कारण वसई धर्मप्रांत झाला तो त्या वर्षी 22 मे रोजी. तोवर आम्ही मुंबईत मोडत होतो, आणि त्याआधी दमण-गोव्याच्या कक्षेत.

जमिनीवरच्या दगडांवर काय लिहिलंय?

बहुतेकांवर एकाच साच्याचा मजकूर आहे. 'सेपुल्तुरा', म्हणजे थडगं, मग अमक्याचं, आणि शेवटी 'इ दि सेउश एर्देइरुश', म्हणजे 'आणि त्याच्या वारसांचं'. वर घराण्याचं चिन्ह: ढाल, शिरस्त्राण, एखादा पक्षी. चर्चच्या आत पुरायला मान लागायचा आणि पैसाही. पुढच्या पिढ्यांसाठी जागा राखून ठेवायची ही पद्धत होती.

1739 च्या मे महिन्यात वारस गलबतात बसून निघून गेले. राखून ठेवलेली जागा राहिली.

अक्षरं वाचायची असतील तर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा. उन्हं तिरपी असली की झिजलेली ओळही उठून दिसते, भर दुपारी काही कळत नाही. पावसाळ्यात शेवाळ असतं. आणि कृपा करून खडू घासू नका. एका सहलीच्या मास्तरांनी मुलांना 'अक्षरं उमटवायला' खडू दिलेले मी पाहिलेत. त्यांना थांबवलं तर म्हणाले, "पावसात जाईल की." खडू जातो, पण घासून घासून दगडाची धारही जाते.

छप्परं कुणी पाडली? मराठ्यांनी?

हा प्रश्न विचारणाऱ्याचा सूर दोन प्रकारचा असतो, अभिमानाचा किंवा तक्रारीचा. दोघांनाही उत्तर एकच, आणि दोघांचाही थोडा हिरमोड होतो.

चिमाजी आप्पांच्या वेढ्यात तोफा चालल्या, सुरुंग उडाले. पण सुरुंग बुरुजाखाली लावले होते, चर्चखाली नव्हे. तटाला भगदाडं पाडायची होती, चर्चेस पाडायला कुणाला वेळ नव्हता. छप्परं गेली ती मुख्यतः देखभालीअभावी. लाकडी वासे, वर कौलं, आणि आमच्याकडचा पाऊस. ज्यांच्या घरावर कौलं आहेत त्यांना सांगायला नको, दर वैशाखात कौलं चाळली नाहीत तर आषाढात काय होतं. शहरच ओस पडलं, कौलं चाळणार कोण? नंतर वासे गेले, चिरे गेले. इंग्रजी अमलात तर किल्ल्याच्या आत ऊस लावून साखर काढायचा उद्योगही झाला.

शिवाय पडझड पोर्तुगीजांच्या काळातच सुरू झाली होती. मे 1618 मध्ये असं वादळ आलं की शहरातल्या घरांची आणि चर्चेसची धूळधाण झाली. 1674 मध्ये मस्कतचे सहाशे अरब चाचे उतरले आणि तटाबाहेरची चर्चेस लुटून गेले. आतली शिबंदी दरवाजे लावून बसून राहिली. त्यानंतर साथी आल्या. 1695 मध्ये आलेल्या जेमेल्ली करेरी या इटालियन प्रवाशाने साथीने उजाड झालेल्या वसईचं वर्णन केलंय. म्हणजे चिमाजी आप्पा आले तेव्हा वसईची रया आधीच गेली होती.

1739 नंतर इथल्या ख्रिस्ती लोकांचं काय झालं?

16 मेला शरणागतीच्या अटी ठरल्या आणि 23 मेला पोर्तुगीज सैन्य मानाने बाहेर पडलं. ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळायची मोकळीक आणि मोजकी चर्चेस राखायची मुभा, हे त्या अटींत होतं. गोरे फादर मात्र गेले. मराठ्यांचं म्हणणं होतं की चर्चेस चालवायची तर देशी धर्मगुरूंनी चालवावीत. हुकूम राजकीय होता, पोर्तुगालचे हस्तक नकोत म्हणून. पण त्यातून घडलं ते मोठं. दोनशे वर्षं ज्यांना दुय्यम मानलं गेलं त्या गोव्याच्या आणि इथल्या देशी फादरांच्या हाती एका फटक्यात सगळी मंडळी आली.

मंडळी टिकली ती त्यांच्यामुळे. शाळा-कॉलेजं नव्हती, पैसा नव्हता, बरीच चर्चेस मोडकळीला आली. तरी बाप्तिस्मे होत राहिले, लग्नं लागत राहिली, सण होत राहिले. 1760 च्या आसपास खाडीपलीकडच्या साष्टी बेटातून गेलेल्या आंकेतिल द्यु पेराँ या फ्रेंच प्रवाशाला मराठी राज्यात ख्रिस्ती लोक मोकळेपणाने उपासना करताना दिसले. आमचा चर्चचा इतिहास सांगताना भर सगळा सोळाव्या शतकावर दिला जातो. माझ्या मते खरी कसोटीची वर्षं 1739 नंतरची. राजा पाठीशी नसताना चर्च उभं ठेवणं ही गोष्ट वेगळीच.

सगळं गोडीगुलाबीने चाललं असंही नाही. काही गावांतले लोक पुन्हा हिंदू झाले. पेशवाईचे सरसुभेदार शंकराजी केशव फडके यांनी निर्मळचं तीर्थ आणि देवस्थान पुन्हा उभं केलं, जे पोर्तुगीजांनी उद्ध्वस्त केलं होतं.

म्हणजे आधी पोर्तुगीजांनी जबरदस्ती केली होती, हे खरं?

देवळं पाडली, हे खरं. हिंदू सण उघडपणे करायला बंदी होती, हे खरं. अनाथ हिंदू मुलांना ख्रिस्ती संस्थांच्या हवाली करण्याचे कायदे पोर्तुगीज मुलखात होते आणि गोव्याच्या इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, हात वसईपर्यंत पोचत होता. त्याचबरोबर जमिनीचा, नोकरीचा, मानाचा मोह होता, आणि मनापासून श्रद्धेने आलेले लोकही होते. गावच्या गाव एकदम बाटल्याच्या गोष्टी सांगतात, विहिरीत पाव टाकल्याची तर प्रत्येक गावात सांगतात. माझ्या खापरपणजोबांनी नेमकं काय विचार करून बाप्तिस्म्याचं पाणी घेतलं ते कुणालाच सांगता येणार नाही. आम्ही मात्र पंधरा-सोळा पिढ्यांनंतर आमच्या इच्छेने ख्रिस्ती आहोत, एवढं सांगता येतं.

वसईच्या चर्चमधल्या घंटा देवळांत आहेत म्हणे?

आहेत, आणि नुसत्या आहेत असं नाही, वाजतातही. विजयानंतर मराठा सरदारांनी घंटा नेल्या आणि देवाला वाहिल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली घंटा सगळ्यांत प्रसिद्ध, तिच्यावर 1721 साल आहे. मोठ्या आवाजाच्या बाईला नाशिककडे 'नारोशंकराची घंटा' म्हणतात, तीच ही. भीमाशंकरला आहे, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर आहे. जवळ जाऊन पाहा. घंटेच्या अंगावर क्रूस किंवा मरियेची आकृती उठावात दिसते आणि तिच्यावर हळदीकुंकवाची बोटं.

परत मागायच्या का, असं तरुण पोरं विचारतात. मला नाही वाटत. किल्ल्यात टांगायला वापरातलं घंटाघरच उरलेलं नाही. परत आणल्या तर संग्रहालयात गप्प बसतील. तिथे निदान रोज कुणीतरी वाजवतं.

आडनावं डिमेलो, परेरा, लोपीस, मच्याडो, तुस्कानो. मग तुम्ही मूळचे पोर्तुगीज का?

नाही हो. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता झालेल्या माणसाचं किंवा फादरचं आडनाव मिळायचं, असं सांगतात. म्हणून एका गावात अर्धे डिसोझा आणि पुढच्या गावात अर्धे लोपीस. आजीचं लुगडं, भाताची शेती, केळीची बाग, लग्नातलं उंबराचं पाणी यांत पोर्तुगीज काय आहे ते दाखवा.

कुपारी, वाडवळ, कोळी, ईस्ट इंडियन हे सगळे वेगळे का?

मुळात जाती-व्यवसायांवरून पडलेले समाज आहेत. चर्चमध्ये एकाच बाकावर बसतात, सोयरिकी मात्र फार काळ आपापल्यात करत आले. उत्तरेकडच्या पट्ट्यातले सामवेदी ख्रिस्ती म्हणजे कुपारी. हा शब्द पोर्तुगीज 'कोंपाद्रे'वरून, म्हणजे मुलाच्या धर्मपित्याशी जुळलेलं नातं, असं मानतात. त्यांची बोली कादोडी. ती पहिल्यांदा ऐकणाऱ्या पुणेकराला निम्मीअर्धी कळते आणि उरलेल्या निम्म्यासाठी तो मान डोलावतो. वाडवळ पापडी-सांडोरकडे जास्त, कोळी पाचूबंदर-नायगावला. 'ईस्ट इंडियन' हे नाव मुंबईकडचं. 1887 मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या ज्युबिलीच्या वर्षी तशी संघटना झाली. गोव्याहून, मंगळुरूहून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण इथले मूळचे आणि कंपनी सरकारचे जुने नोकर, हे ठसवायला ते नाव घेतलं गेलं. वसईत ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलं नाही.

गावांतली चर्चेस इतकी नवी कशी दिसतात, इतिहास एवढा जुना असून?

कारण ती वापरात आहेत. वापरातली वास्तू बदलते. गर्दी वाढली की भिंत पुढे सरकते, कौलांऐवजी पत्रा, पत्र्याऐवजी स्लॅब, सणाला बाहेर मंडप. कधी वेदीमागची जुनी लाकडी कोरीव चौकट राखतात, कधी एखाद्या कमिटीला चकचकीत टाइल्सचा मोह आवरत नाही. त्याची मला हळहळ वाटते, नाही असं नाही. पण दगडाला हात न लावता राखलेलं चर्च हवं असेल तर ते किल्ल्यात आहेच, छप्पर नसलेलं.

जुनेपणा गावाच्या नावात शोधा. रमेदी हे नाव 'रेमेदियुश'वरून, म्हणजे दुखण्यावर उपाय देणारी माता. मर्सेस गावाचं नावही मरियेच्याच एका नावावरून. म्हणजे आधी चर्च, मग गावाला नाव. उलट निर्मळचं पाहा. तिथे होली क्रॉस चर्च आहे, पण गावाचं नाव तीर्थाचंच राहिलं. कार्तिकात निर्मळची यात्रा भरते तेव्हा खरेदीला आणि दुकानं मांडायला दोन्ही धर्मांचे लोक असतात. आगाशीकडची सुकेळी घ्यायला विसरू नका. राजेळी केळी उन्हात वाळवून केळीच्याच सोपटात बांधलेली असतात.

गोन्सालो गार्सिया कोण?

वसईचा मुलगा आणि भारतात जन्मलेला पहिला संत. आई इथली, वडील पोर्तुगीज. जन्म 1556-57 च्या सुमाराचा. किल्ल्यातल्या जेझुइटांकडे शिकला, जपानला गेला, तिथली भाषा शिकला, काही काळ व्यापार केला, मग मनिलाला फ्रान्सिस्कन ब्रदर झाला. धर्मगुरू नव्हे, ब्रदर. पुन्हा जपानला गेला तो दुभाषा म्हणून. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला सव्वीस जणांना क्रुसावर चढवून मारलं, त्यांत हा एक. 1627 मध्ये धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, 1862 मध्ये संत.

गंमत अशी की जन्मभूमीत त्याची आठवण फार उशिरा रुजली. आता गासचं चर्च त्याच्या नावाचं आहे, वसईतलं कॉलेजही.

प्रार्थना कोणत्या भाषेत होते?

मराठीत. स्टेशनच्या बाजूला बाहेरून आलेली वस्ती वाढली, तिथे इंग्रजीही चालते. पण जुन्या गावांत मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीत, गायन मराठीत, लग्नपत्रिका मराठीत. पूर्वी मिस्सा लॅटिनमध्ये असायची. दुसरी व्हॅटिकन परिषद 1962 ते 1965 झाली आणि लोकभाषेला दार उघडलं. आमच्या म्हाताऱ्यांना आधी ते पचलं नाही. न कळणारी प्रार्थना जास्त पवित्र वाटते, त्याला इलाज नाही. पण एकदा मराठी आली ती अशी की 2020 च्या जानेवारीत उस्मानाबादला भरलेल्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. त्या पदावर बसलेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. हिरवी वसई वाचवण्याच्या आंदोलनात मोर्च्यात चालणारेही तेच. 2024 मध्ये ते गेले.

किल्ल्यातल्या चर्चमध्ये आता उपासना होते का?

रोजची नाही. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. जेझुइटांच्या जुन्या चर्चमध्ये गोन्सालो गार्सियाच्या सणाला लोक जमतात. एरवी तिथे कबुतरं, क्रिकेट आणि लग्नाआधीचं फोटोशूट. नवरीचा गाऊन सेपुल्तुरावरून लोळत जाताना पाहिला की खालचा सरदार काय म्हणत असेल, असं मनात येतं. असो. फोटो काढा, पण भिंतींवर चढू नका. मनोऱ्यात जाऊ देत असतील तर बॅटरी न्या. पावसाळ्यात साप असतात, हे घाबरवायला सांगत नाही.

यायचं कसं?

पश्चिम रेल्वेने वसई रोड, पश्चिमेला उतरून किल्ल्याकडची बस किंवा रिक्षा. वाटेत पापडी लागते. जाताना उतरलात तर आधी नांदतं चर्च दिसेल आणि मग पडकं. आमचा आग्रह याच क्रमाचा.

तुमचे म्हातारे लोक चर्चला 'देऊळ' का म्हणतात?

मग काय म्हणतील? देव असतो ते देऊळ. 'चर्च' हा शब्द इंग्रजांबरोबर आला. आमची आजी शेवटपर्यंत "देवळात जाऊन येते" म्हणूनच पायात चपला सरकवायची, आणि शेजारच्या हिंदू काकूही शनिवारी तेच म्हणून निघायच्या. कोण कुठल्या दिशेला वळते त्यावरून आम्ही मुलं ओळखायचो.